सदतिसावा फोटो

एका तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडसमोर एक फोटो स्टुडिओ होता. पुढे काचेचं कपाट, त्यात गावातल्या नवरानवरींचे फोटो. आत एक लाकडी बाक आणि भिंतीवर रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस. त्याच्या मागे काळ्या कापडाआड डार्करूम. स्टुडिओच्या मालकांना सगळं गाव काका म्हणत असे.

काकांकडे एक मुलगा कामाला लागला. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता आणि घरी बसून भागणार नव्हतं. आधी तो झाडलोट करायचा. मग लग्नात फ्लॅशची छत्री धरून उभा राहायला लागला. हळूहळू त्याला काळ्या कापडाआड प्रवेश मिळाला. तिथे लाल दिव्याच्या उजेडात कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा, ट्रे हलकेच हलवत राहायचा, आणि बघता बघता कागदावर आधी केस उमटायचे, मग भुवया, मग डोळे. मुलगा दर वेळी श्वास रोखून बघायचा. मग कागद हायपोत जायचा.

"हायपोत घाई करू नकोस," काका सांगायचे. "आज फोटो छान दिसेल. पाच वर्षांनी पिवळा पडेल. तेव्हा ते लोक आपल्याला शिव्या द्यायला येणार नाहीत. घरातल्या घरात हळहळतील."

ते दिवस रोलचे होते. एका रोलवर 36 फोटो. लग्नाचं जे ठरेल त्यात तीन रोल बसत, घर पैसेवाल्याचं असलं तर पाच. त्यामुळे बटण दाबायच्या आधी काका दहादा विचार करत, आणि एकदा दाबायचं ठरलं की सगळ्या मांडवाला कामाला लावत. "नवरदेव, हार तसाच धरा! नवरी, मान वर! मामा, अंतरपाट एवढासा खाली घ्या!" भटजी मंत्र थांबवून कपाळाला आठ्या घालून बघत राहत. फ्लॅश उडाला नाही म्हणून घातलेला हार काढून पुन्हा घालायला लावणं, हेही काकांनी केलं होतं. आहेर सुरू झाला की माणसं रांगेनं स्टेजवर येत, नवरानवरीच्या दोन्ही बाजूंना ताठ उभी राहत आणि डोळे चोळत खाली उतरत.

रोल 36चा असला तरी थोडा जास्त चालायचा. सुरुवातीला फिल्म फार वाया न घालवता अडकवली तर सदतिसावा फोटो बहुतेक वेळा निघायचा, कधीकधी अडतिसावाही. गिऱ्हाइकाशी हिशेब मात्र 36चाच असे. शेवटच्या रोलचा आकडा तिथवर गेला की काका कॅमेरा छातीशी धरून मांडवाच्या मागे एक फेरी मारून येत. "कोण राहिलं?" असं विचारत जात. मग स्टेजवर येऊन नवरानवरीला म्हणत, "जरा मागच्या बाजूला चला. तिकडं उजेड बरा आहे."

नवरी शालू सावरत खाली उतरायची, नवरा उपरणं सावरत. मागे कुणी ना कुणी असायचंच. आचारी असायचा, सनईवाला असायचा, भांडी घासणारी बाई असायची, मोकळ्या कपाळाची एखादी आत्या असायची. ती माणसं ओशाळत शेजारी उभी राहत. एक फोटो निघे आणि काका कॅमेरा पेटीत ठेवून देत.

मुलाला याचं हसू यायचं. छत्री त्याच्या हातात असायची, त्यामुळे उजेडाचं त्याला बरंच कळायला लागलं होतं. मांडवाच्या मागे उजेड कधीच बरा नसायचा. एकीकडे चुलाण्याचा धूर, दुसरीकडे पत्र्याची सावली, निम्मा चेहरा काळा. रोल संपवून लवकर लॅबला धाडता यावा म्हणून काका हे करत असतील, असं त्यानं ठरवून टाकलं. काकांचं वयही झालं होतं. दिसत नसेल नीट.

एके दिवशी रद्दीत त्याला एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात एक फोटो होता. श्रीनगरचा, 1948 सालचा. हरी पर्बत टेकडीवर पहाटे काही मुसलमान बायका प्रार्थना करत होत्या. कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ होती. उभ्या असलेल्या एकीचे हात पुढे पसरलेले होते. समोर दरी, पलीकडे डोंगर आणि ढग. एकीलाही आपला फोटो निघतो आहे याची खबर दिसत नव्हती.

फोटो काढणाऱ्याचं नाव आंरी कार्तिए-ब्रेसाँ. मुलानं शब्दकोश घेऊन खालचा मजकूर वाचून काढला. हा फ्रेंच माणूस लायका नावाचा लहानसा कॅमेरा वापरायचा. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकायचा. फ्लॅश वापरणं त्याला असभ्यपणाचं वाटायचं. 1947 मध्ये तो भारतात आला होता. ज्या दिवशी गांधीजींना गोळ्या घातल्या त्याच दिवशी तो त्यांना भेटून आला होता, आणि नंतर लोटलेली माणसंही त्यानं टिपली होती. 1952 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. माणसांना न हलवता, न सांगता, नेमका क्षण येईपर्यंत थांबायचं आणि तो आला की चुकवायचा नाही, ही त्याची रीत जगभरच्या फोटोवाल्यांनी उचलली.

मुलाला रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यानं ते पान काकांपुढे धरलं. काकांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

"झकास आहे," ते म्हणाले. मग पान परत देताना त्यांनी विचारलं, "या बायकांना मिळाला का रे हा फोटो?"

मुलगा हसला. काकांना जिकडेतिकडे गिऱ्हाईकच दिसतं, असं त्याला वाटलं. ते पान त्यानं वहीत जपून ठेवलं, आणि पुढच्या वर्षी तो शहरात गेला.

शहरात तो एका मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली राबला. दरम्यान रोल गेले, डिजिटल आलं. एका कार्डावर हजार फोटो मावू लागले आणि बटण दाबायची भीती गेली. मग लग्नाच्या बाजारात कँडिडची हवा आली. बहुतेकांनी ती हवा म्हणूनच घेतली. नवरीला खिडकीशी उभं करायचं, बाहेर बघायला सांगायचं आणि त्याला कँडिड म्हणायचं, असंही चालत असे. या मुलाचं तसं नव्हतं. त्याला खरोखरच वेड लागलं होतं. त्यानं जुना कॅमेरा घेतला, 35 मिलिमीटरची एकच लेन्स घेतली, आणि कॅमेऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी पट्टी चिकटवली.

तो हळदीच्या दिवशीच लग्नघरी जाऊन बसायचा. कॅमेरा मांडीवर ठेवून शेंगा फोडायचा, पोरांशी पत्ते खेळायचा. पोरं कॅमेऱ्याला कंटाळली की मोठी माणसंही विसरतात, हे त्याला ठाऊक होतं. कपडे मातकट रंगाचे. मोठी लेन्स लावून लांबून टिपणं त्याला आवडत नसे. लांबून टिपलेला माणूस फोटोतही लांबच राहतो, असं तो म्हणे.

लग्नाचे विधी त्याला भटजींइतके पाठ होते. गौरीहरापाशी नवरी पिवळी साडी नेसून अन्नपूर्णेपुढे बसते. त्या सबंध दिवसात ती एकटी असते ती तेवढ्याच वेळात. बाहेर सनई, हाका, वाटपाची घाई, आणि आत एक मुलगी समईकडे बघत बसलेली. तो दाराशी भिंतीला टेकून खाली बसायचा. फ्लॅश नाही, दिवा नाही. समईच्या उजेडात शटर फार मंद ठेवावं लागतं, हात जरा हलला की फोटो गेला. म्हणून तो श्वास सोडून, कोपर गुडघ्यावर टेकवून, एकदा किंवा दोनदा बटण दाबायचा आणि उठून जायचा.

मंगलाष्टकांच्या वेळी सगळे फोटोवाले नवरानवरीकडे तोंड करून उभे राहत. हा मामांचे हात बघायचा. हौशी आत्याबाई एकामागून एक मंगलाष्टकं म्हणायला लागल्या की अंतरपाट धरून धरून मामांचे हात थरथरायला लागतात. कुणाला ते दिसत नाही. त्याला दिसायचं. अक्षता उडाल्या की त्या हवेत थांबवायला शटर एकदम वेगवान लागतं. तेवढ्यात तो ते फिरवूनही घ्यायचा. कानपिळीच्या वेळी नवऱ्याच्या कानाकडे न बघता तो विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचा. दिवसभर थट्टा करत फिरणारा भाऊ गाडी सुटताना कुठल्या खांबाआड जाऊन उभा राहणार, हे त्याला आधीच कळायचं.

त्याचा नियम एकच होता. कुणाला काही सांगायचं नाही. इकडे बघा म्हणायचं नाही, हसा म्हणायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, कुणाला सरकवायचं नाही. जे आहे ते, जसं आहे तसं. कुणी फारच आग्रह केला, घराणं गोळा करून "आता एक घ्या हो" म्हटलं, तर तो नम्रपणे हात जोडून बाजूला व्हायचा. काकांची हाळी आठवली की त्याला थोडी लाजच वाटे.

त्याचं नाव झालं. लोक चार-चार महिने आधी तारीख घेऊ लागले.

एकदा एक मुलगी त्याच्याकडे आली. शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. लग्नाचा खर्च ती आणि तिची आई मिळून करत होत्या. ती म्हणाली, "मला स्टेजवरचे ओळीनं उभं करून काढलेले फोटो नकोत. मैत्रिणीच्या अल्बममध्ये दोनशे माणसं आहेत, ती स्वतःच चौघांची नावं सांगू शकते. दुसरा फोटोवाला मी ठेवत नाही. तुम्ही एकटेच या." आणि जाता जाता म्हणाली, "माझ्या आईचे काढा हं. कॅमेरा दिसला की पळते ती. तिला कळू न देता काढा."

आई पोळीभाजीचे डबे करायची. मुलगी लहान असतानाच नवरा गेला, तेव्हापासून पोळपाट आणि ती. रुखवत तिनं रात्री जागून स्वतः केलं होतं. मुलीनं तिला मोतिया रंगाची, जांभळ्या काठांची साडी घेतली होती. लग्नाच्या दिवशी ती पहाटेपासून तीच नेसून होती.

कन्यादान मामा-मामींनी केलं. आईला कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी ये असंही म्हटलं नव्हतं. कोठीची किल्ली मात्र पहाटेच तिच्या कमरेला अडकवली गेली होती. नारळ संपले की तिला हाक, सुपाऱ्या कमी पडल्या की तिला हाक, आचाऱ्याला तूप हवं की तिला हाक.

फोटोवाल्यानं ते सगळं टिपलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो कोठीपाशी होता. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि फटीतून उजेडाची एक उभी रेघ आईच्या चेहऱ्यावर पडली होती. एक डोळा उजेडात, बाकी चेहरा अंधारात, मुठीत अक्षता. "शुभ मंगल सावधान" झालं की ती तिथूनच अक्षता टाकायची. त्या दारातच पडायच्या. चौथ्या मंगलाष्टकाला दाणे हवेत असताना त्यानं बटण दाबलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. असा फोटो रोज मिळत नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

शहरातल्या फोटोवाल्यांनी तो फोटो नावाजला. अल्बममध्ये त्यानं तो दोन्ही पानं भरून घातला.

श्रावणात मुलगी पहिल्या मंगळागौरीला माहेरी आली होती. अल्बम द्यायला तो स्वतः गेला. आईनं कणकेचे हात धुतले, पदराला कोरडे केले, आणि अल्बम मांडीवर घेतला. ती एकेक पान उलटत गेली. मामांचे थरथरणारे हात पाहून हसली. विहीणबाईंचा चेहरा पाहून लेकीकडे बघून पुन्हा हसली. मग ती दोन पानं आली. तिथे ती थोडी थांबली, काही बोलली नाही, पुढे गेली. शेवटापर्यंत गेली, आणि शेवटाकडून उलटी मागे येऊ लागली.

"एवढेच का?" तिनं विचारलं.

"नाही मावशी, आणखी पुष्कळ आहेत. यात निवडक घातलेत."

"फार चांगले आहेत रे बाळा. पण मी कुठं आहे?"

त्यानं ती दोन पानं उघडून दाखवली.

"ही तर कोठीतली," आई म्हणाली. "ती मला ठाऊक आहे. मी म्हणते, पोरीशेजारी कुठं आहे?"

त्यानं पाठवणीचा फोटो काढून दिला. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. लेकीचं तोंड आईच्या मानेत, आईचा अंबाडा तेवढा दिसतो आहे.

"यात आम्ही रडतोय दोघी. माझं तर तोंडही नाही." आई अल्बमच्या कडेवरून हात फिरवत राहिली. "लेकीच्या लग्नात मी तिच्याजवळ हसून उभी होते, असा एखादा हवा होता."

"आई, तू येतेस कुठं गं फोटोला?" मुलगी म्हणाली.

"तू हाक मारलीस का?" आईनं विचारलं. रागानं नाही. सकाळी दूध आलं का असं विचारावं, तसं विचारलं. मुलगी गप्प झाली.

फोटोवाला घाईघाईनं म्हणाला, "आत्ता काढू या ना, मावशी. ती साडी नेसा. ताईही नेसतील."

"आता कसला? मांडव उतरला," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या रात्री त्यानं त्या लग्नाचे सगळे फोटो पुन्हा उघडले. निवडलेले तेवढेच नव्हे, सगळे, काढले त्या क्रमानं. दुपारपर्यंतचे नीट पाहिले. जेवणांच्या वेळचे काही फोटो त्यानं तेव्हा उजेडासाठी काढले होते. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. त्यांत आई स्टेजच्या पायऱ्यांशी उभी होती. पहिल्या फोटोत ती रुमालानं चेहरा पुसत होती. दुसऱ्यात पदर खांद्यावर नीट घेत होती. तिसऱ्यात तिनं कमरेची किल्ली काढून मुठीत लपवली होती, साडीवर दिसू नये म्हणून. चौथ्यात ती वर बघत होती. वर आहेराची रांग चालली होती. पाचव्यात कुणीतरी मागून बोलावत होतं. सहाव्यात तिथे नुसतं ऊन होतं.

जवळपास अर्ध्या तासानंतर पुन्हा तीच पायरी, तोच पदर, तीच वर बघणारी मान. आणि पुन्हा ती नाही.

ती कॅमेऱ्याला पळत नव्हती. फोटोसाठी सजून दोनदा येऊन गेली होती. कॅमेऱ्यानं ते जसंच्या तसं टिपलं होतं, आणि तो स्वतः तिच्यापासून पाच पावलांवर उभा राहून उन्हाचा तिरपा पट्टा किती सुरेख पडला आहे ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.नं तो गावी गेला. स्टुडिओ तिथेच होता. हंसांचा पडदा गेला होता, त्याजागी पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा होता. शेजारी झेरॉक्सचं आणि लॅमिनेशनचं यंत्र. काका खुर्चीत बसून होते. पोरानं, म्हणजे आता चांगल्या बाप्यानं, सगळी हकीकत सांगितली.

काकांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला लावला. आत निगेटिव्ह होते, बटर पेपरच्या पाकिटांत, एकेक लग्न वेगळं. सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक लग्नाच्या पाकिटात शेवटी एक तोकडी पट्टी, एकाच फोटोची, फार तर दोन. त्यानं त्या तोकड्या पट्ट्या खिडकीकडे धरल्या. निगेटिव्हमध्ये गोरं काळं दिसतं आणि काळं गोरं, तरी माणसं कळत होती. मधे नवरानवरी. शेजारी आचारी. सनईवाला, हातात सनई. भांडी घासणारी बाई, ओले हात पाठीमागे लपवलेले. आत्या. मावशी. आई.

"काका," तो म्हणाला, "तिकडं उजेड कधीच बरा नसायचा."

"कधीच नसायचा," काका म्हणाले आणि खोकत हसले. "अरे, त्या बाईला स्टेजवर ये म्हटलं असतं तर आली असती का? आणि आली असती तर चार जणींनी तिला सुखानं उभं राहू दिलं असतं? म्हणून मग नवरानवरीलाच खाली आणायचं. उजेडाचं नाव घेतलं की कुणी वाद घालत नाही. फोटोवाल्याला उजेडातलं कळतं असं लोकांना वाटतं."

"मला वाटायचं, रोल संपवायला करता."

"ते तर होतंच की. फिल्म वाया कशाला घालवायची? छत्तीस त्यांचे असायचे. त्यांनी सांगितले तसे काढायचे. सदतिसावा माझा." काकांनी पट्टी परत पाकिटात सरकवली. "एक प्रत काढून ज्याची त्याला नेऊन द्यायचो. यातल्या कित्येकींचा आधार कार्डाआधीचा हाच एक फोटो असेल."

तो परतला. कँडिड त्यानं सोडलं नाही. सोडायचं कारणही नव्हतं. त्याची नजर खोटी नव्हती आणि मामांच्या थरथरत्या हातांची किंमत कमी झाली नव्हती. आजही तो हळदीला जाऊन शेंगा फोडत बसतो. आजही गौरीहराच्या दाराशी श्वास सोडून बटण दाबतो. पण हळदीच्या दिवशी शेंगा फोडता फोडता तो आता घरातल्या बायकांना विचारतो, की कोण कुठं बसणार आहे, कोठीची किल्ली कुणाकडे आहे, कोण फोटोला येत नाही आणि का. आणि लग्नाच्या दिवशी पंगत उठायच्या सुमाराला तो कॅमेरा छातीशी धरून मागच्या बाजूला एक फेरी मारतो. मग स्टेजवर जाऊन, दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडून, नवरीला म्हणतो, "ताई, जरा मागं चला. तिकडं उजेड बरा आहे."

त्याच्या हाताखालची पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांनाही उजेडातलं कळतं.

पुढे त्या परिचारिकेच्या बाळाच्या बारशाला त्याला बोलावणं आलं. त्याला दारात पाहिल्याबरोबर आई पाळण्याजवळ गेली, लेकीशेजारी उभी राहिली, आणि म्हणाली, "घे." त्यानं घेतला. दोघी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होत्या, ताठ, अगदी काकांच्या काळातल्यासारख्या. लग्नातला फोटो मात्र नाही तो नाहीच.

जे आहे ते जसंच्या तसं टिपणाऱ्यानं ते तसंच राहू द्यावं, असं काही कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. जो नीट बघतो त्याला मागे उभं राहिलेलं माणूस सगळ्यांच्या आधी दिसतं, आणि हाक मारण्याचं काम म्हणून पहिल्यांदा त्याच्याकडेच येतं. अशाच मागे ठेवलेल्या बायकांसाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद केलं. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. हे फार मोठं काम झालं. पण ठराव झाला म्हणून एखादी बाई दुसऱ्या दिवशी आपण होऊन स्टेजच्या पायऱ्या चढत नाही. वर उभ्या असलेल्यांतून कुणीतरी तिचं नाव घ्यावं लागतं.

तुमच्या घरी कार्य निघालं तर फोटोवाल्याला विधींची यादी द्याच, शिवाय एका चिठ्ठीवर चार-पाच नावं लिहून द्या. जी माणसं फोटोला येत नाहीत, तेवढीच लिहा.